महिनाभराचा प्रवक्ता

प्रवक्ता म्हणजे सरकारचा वकील, असे सर्रास म्हटले जाते. वकिलीवर पोट भरणाऱ्या माणसाला ही तुलना पटण्यासारखी नाही. वकील पक्षकाराची बाजू मांडतो हे खरे. पण त्याच्यासमोर दुसऱ्या बाजूचा वकील उभा असतो, वर न्यायाधीश बसलेला असतो, साक्षीदार शपथेवर बोलतो, त्याची उलटतपासणी होते आणि जाणूनबुजून खोटा कागद दाखल करणाऱ्या वकिलाची सनद धोक्यात येते. प्रवक्त्याच्या खोलीत यातले काहीही नसते. तिथे शपथ नाही, दप्तर नाही, निकाल नाही. पत्रकार प्रश्न विचारतात, प्रवक्ता उत्तर देतो, आणि ते उत्तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात देशाच्या सरकारचे म्हणणे म्हणून छापून येते. उत्तर खोटे निघाले तर प्रवक्त्याला शिक्षा नाही. उलट बढती मिळण्याचीच शक्यता जास्त!

मग या माणसाला आवर कोण घालणार? अमेरिकेच्या व्हाइट हाऊसमध्ये १९७४ साली जेराल्ड टेरहॉर्स्ट नावाचा एक प्रेस सेक्रेटरी होऊन गेला. उणापुरा एक महिना तो त्या खुर्चीवर होता. प्रवक्त्यांच्या दीर्घ कारकिर्दींवर जाडजूड पुस्तके निघतात. पण या एका महिन्यात आम्हाला जे दिसते ते त्या पुस्तकांत क्वचितच सापडते.

त्याच्या आधी त्या खुर्चीवर कोण होते हे पाहिल्याशिवाय त्या महिन्याचे मोल कळणार नाही. निक्सन यांचे प्रेस सेक्रेटरी रॉन झिग्लर हे जाहिरात कंपनीतून आलेले. वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, १९६९ साली, ते जगातल्या सर्वांत बलाढ्य सरकारचे तोंड झाले. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेली माणसे पकडली गेली, तेव्हा झिग्लर यांनी ती तिसऱ्या दर्जाची किरकोळ घरफोडी ठरवून मोडीत काढली. वॉशिंग्टन पोस्टच्या बातम्यांची त्यांनी खिल्ली उडवली. पुढे एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली आणि एप्रिल १९७३ मध्ये निक्सन यांना आपली भूमिका बदलावी लागली. तेव्हा पत्रकारांनी विचारले, की मग आजवर तुम्ही जे सांगत होता त्याचे काय? त्यावर झिग्लर यांचे उत्तर होते, की आधीची निवेदने आता 'लागू नाहीत'. म्हणजे ती खोटी होती असे नव्हे, तर आता ती चालू नाहीत. बंद पडलेल्या घड्याळाबद्दल बोलावे तसे! पुढच्याच महिन्यात त्यांनी पोस्टची माफी मागितली, हेही नोंदवले पाहिजे.

९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले आणि उपाध्यक्ष जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले. शपथ घेतल्यावर केलेल्या छोट्या भाषणात त्यांनी देशाला ग्वाही दिली, की आपले राज्य कायद्याचे आहे, माणसांचे नाही. त्याच दिवशी ते स्वतः पत्रकारांच्या खोलीत गेले आणि नव्या प्रेस सेक्रेटरीची ओळख करून दिली. हेच टेरहॉर्स्ट. दोघांचे नाव मराठीत लिहिताना एकच होते, जेराल्ड. इंग्रजीत स्पेलिंग वेगळे. दोघांनाही लोक जेरी म्हणत. दोघांचे मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराशी जुने नाते. फोर्ड १९४८ साली पहिल्यांदा काँग्रेसच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हापासून टेरहॉर्स्ट पत्रकार म्हणून त्यांना पाहत आले होते. डेट्रॉईट न्यूज या दैनिकाच्या वॉशिंग्टन कार्यालयाचे ते प्रमुख होते. म्हणजे ते जाहिरातवाले नव्हते, पक्षाचे कार्यकर्तेही नव्हते. प्रश्न विचारण्यात आयुष्य घालवलेला माणूस उत्तरे द्यायला बसला होता. झिग्लर यांना कंटाळलेल्या पत्रकारांना हायसे वाटले नसते तरच नवल.

फोर्ड यांच्यापुढे पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न उभा होता, निक्सन यांचे काय करायचे? २४ जुलै रोजीच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य अशा मतांनी निकाल देऊन निक्सन यांना ध्वनिफिती हजर करायला लावले होते. खटला चालवण्याइतका पुरावा जमत चालला होता. २८ ऑगस्टच्या पहिल्या पत्रकार परिषदेत फोर्ड यांना माफीबद्दल विचारले गेले. न्यायालयीन प्रक्रिया पुढे सरकेपर्यंत काही बोलणे योग्य नाही, असे ते म्हणाले. मात्र माफीची शक्यता त्यांनी नाकारली नाही. ऐकणाऱ्यांचा समज असा झाला, की एवढ्यात तरी काही होणार नाही.

पण आतमध्ये कागद तयार होत होते. फोर्ड यांच्या वतीने बेंटन बेकर नावाचे वकील निक्सन यांच्याकडे कॅलिफोर्नियाला गेले. पत्रकारांना वास लागला. त्यांनी टेरहॉर्स्ट यांना विचारले, ही माफीची बोलणी आहेत काय? टेरहॉर्स्ट यांनी आतल्या माणसांकडे चौकशी केली. निक्सन यांच्या कागदपत्रांचा विषय आहे, माफीचा नाही, असे त्यांना सांगण्यात आले. तेच त्यांनी पुढे सांगितले. कागदपत्रांचा विषय खरोखरच होता. पण माफीचाही होता. न्यायालयात अर्धसत्य काय करू शकते हे आम्हाला रोज पाहावे लागते. निव्वळ खोटे उलटतपासणीत उघडे पडते, अर्धसत्य मात्र ताठ मानेने पिंजऱ्यातून उतरून निघून जाते. इथे तर ते एका प्रामाणिक माणसाच्या तोंडून वदवून घेण्यात आले. खोटे बोलणाऱ्याला प्रामाणिक माणसाच्या तोंडाची गरज सर्वांत जास्त असते, हे या धंद्यातले उघड गुपित आहे. अन्यथा पत्रकारांचा विश्वास असलेला माणूस त्या खुर्चीवर आणून बसवण्याचे कारणच काय?

शनिवार, ७ सप्टेंबर रोजी टेरहॉर्स्ट यांना खरे काय ते कळले. त्या रात्री त्यांनी राजीनामा लिहिला आणि रविवारी सकाळी तो फोर्ड यांच्या हातात दिला. त्याच सकाळी, ८ सप्टेंबर १९७४ रोजी, फोर्ड यांनी दूरचित्रवाणीवरून निक्सन यांना संपूर्ण, बिनशर्त माफी जाहीर केली. २० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४ या काळात निक्सन यांनी केलेल्या, किंवा केलेल्या असू शकतील अशा, सर्व गुन्ह्यांना ही माफी होती. आरोपपत्र नाही, खटला नाही, दोषसिद्धी नाही आणि माफी मात्र आधीच! निक्सन यांनी ती स्वीकारताना आपल्याकडून चुका झाल्या, अधिक तत्परतेने वागायला हवे होते, एवढेच म्हटले. गुन्हा हा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

टेरहॉर्स्ट यांचे राजीनामापत्र लहान आहे. वकिलाच्या नजरेने वाचले तर तो समतेवरचा एक नेटका युक्तिवाद आहे. मला खोटे सांगितले गेले, माझी अब्रू गेली, असा सूर त्यात नाही. निक्सन यांच्यावर अजून कोणताही गुन्हा दाखल झालेला नाही, त्याआधीच त्यांना माफ करण्याला आपण सदसद्विवेकबुद्धीने पाठिंबा देऊ शकत नाही, ही सुरुवात. मग ते विचारतात, की ज्या तरुणांनी विवेकाला स्मरून व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला त्यांना जर अशी माफी नाही, तर तिचे समर्थन कसे करायचे? निक्सन यांचे सहकारी तुरुंगात गेले त्यांनाही ती नाही. ज्यांचे समाजातले स्थान खालचे आहे आणि ज्यांच्या गुन्ह्याने देशाचे फारसे बिघडलेले नाही, अशा माणसांपेक्षा माजी राष्ट्राध्यक्ष दयेला अधिक पात्र कसे ठरतात, हा पत्राचा गाभा आहे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ वर भाष्य करणारे मोठमोठे ग्रंथ आम्ही वाचले आहेत. त्या पत्रातला हा प्रश्न त्यांच्या पंक्तीला बसणारा आहे.

व्हिएतनामची तुलना उगाच केलेली नव्हती. सक्तीच्या लष्करभरतीचा सर्वाधिक भार कोणावर पडला? कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत मिळत होती. गरिबाच्या आणि काळ्या माणसाच्या पोराला ती सहजासहजी मिळत नव्हती. मुहम्मद अली यांनी १९६७ साली भरतीला नकार दिला तेव्हा त्यांचे विजेतेपद गेले आणि पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती १९७१ साली रद्द केली. ज्यांच्याकडे अलींसारखे नाव नव्हते आणि वकिलाला द्यायला पैसे नव्हते त्यांचे काय झाले असेल, ते वाचकांनीच ताडावे. निक्सन यांना माफी दिल्यानंतर आठच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, फोर्ड यांनी या तरुणांसाठीही एक योजना जाहीर केली. पण तिला अटी होत्या. देशाशी निष्ठेची शपथ घ्या आणि दोन वर्षांपर्यंत लोकसेवेचे काम करा. राष्ट्राध्यक्षाला बिनशर्त आणि पोरांना सशर्त, असा तो हिशेब होता. अटींविना माफी मिळायला कार्टर यांचा जानेवारी १९७७ उजाडावा लागला.

आणि फ्रँक विल्स यांचे काय? हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. वॉटरगेट इमारतीत रात्रपाळी करणारा हा २४ वर्षांचा काळा पहारेकरी. दाराच्या कुलपाला चिकटपट्टी लावलेली त्याने पाहिली, ती काढली. पुन्हा लावलेली दिसली तेव्हा पोलिसांना फोन केला. त्या फोनमुळे पुढे राष्ट्राध्यक्षाला जावे लागले. विल्स यांना चार दिवस प्रसिद्धी मिळाली, एका चित्रपटात स्वतःचीच छोटी भूमिका मिळाली. पण टिकाऊ नोकरी मिळाली नाही. १९८३ साली दुकानातून बुटांचा एक जोड चोरल्याच्या आरोपात ते दोषी ठरले आणि त्यांना बारा महिन्यांची शिक्षा झाली. सन २००० मध्ये ते दारिद्र्यात वारले. त्याच निक्सन यांना १९७७ साली डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या दूरचित्रवाणी मुलाखतींसाठी सहा लाख डॉलर मिळाले होते. बुटांच्या जोडासाठी एक वर्ष आणि राज्यघटनेशी केलेल्या दगाबाजीसाठी शून्य! टेरहॉर्स्ट यांनी पत्र लिहिले तेव्हा विल्स यांच्यावरचा हा प्रसंग नऊ वर्षे पुढे होता. पण 'समाजातले स्थान खालचे' म्हणजे नेमके काय, हे पुढच्या काळाने असे मांडून दाखवले.

फोर्ड यांची बाजूही ऐकली पाहिजे; एकतर्फी निकाल देणे आमच्या पेशात बसत नाही. खटला वर्षानुवर्षे चालला असता, देश त्यातच अडकून पडला असता, निष्पक्ष ज्युरी मिळणे कठीण झाले असते, निक्सन यांची प्रकृतीही खालावली होती, असे त्यांचे म्हणणे होते. ते प्रामाणिक असावे असे आम्हाला वाटते. निक्सन यांच्याशी आधी सौदा झाला होता का, या संशयाला उत्तर द्यायला ते १७ ऑक्टोबर १९७४ रोजी स्वतः प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीसमोर हजर झाले आणि असा सौदा झालाच नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. पदावरच्या राष्ट्राध्यक्षाने असे उत्तर द्यायला जाणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यांची लोकप्रियता एका झटक्यात सुमारे वीस टक्क्यांनी घसरली, १९७६ ची निवडणूक ते हरले. पुढे २००१ साली याच माफीसाठी त्यांना केनेडी यांच्या नावाचा धैर्य पुरस्कार मिळाला आणि १९७४ साली माफीवर टीका करणाऱ्या एडवर्ड केनेडी यांनी आपली टीका चुकली असे म्हटले.

असे असूनही आमचे समाधान होत नाही. देशाची जखम भरून यावी म्हणून न्याय बाजूला ठेवायचा असेल, तर तो दरवेळी वरच्याच माणसाच्या बाबतीत का बाजूला ठेवला जातो? खालच्या माणसाला शिक्षा झाल्याने कोणत्याच देशाची जखम उघडी पडत नाही काय? फोर्ड आपल्या पाकिटात १९१५ सालच्या एका निकालाचा उतारा बाळगत, असे सांगतात. माफी स्वीकारणे म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखे आहे, असे त्या निकालात म्हटले आहे आणि त्यात त्यांना दिलासा वाटे. गंमत अशी, की तो निकाल ज्या बर्डिक यांच्या प्रकरणातला, ते वर्तमानपत्राचे संपादक होते. बातमी कोणी दिली हे सांगावे लागू नये म्हणून त्यांनी राष्ट्राध्यक्षांची माफी नाकारली होती आणि ती नाकारण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला होता. पत्रकाराने विवेकासाठी माफी नाकारली, त्या खटल्याचा आधार राष्ट्राध्यक्षाने माफी देण्यासाठी घ्यावा आणि त्याच दिवशी एका पत्रकाराने विवेकासाठी त्याची नोकरी सोडावी!

आपल्याकडे असे घडू शकते का, हा प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्याला पडेलच. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ आणि १६१ मध्ये राष्ट्रपती व राज्यपालांचा क्षमेचा अधिकार 'दोषी ठरलेल्या' व्यक्तीपुरता आहे. खटल्याआधीची कोरी माफी त्यात बसत नाही. शिवाय २००६ साली एपुरू सुधाकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका राजकीय कार्यकर्त्याला राज्यपालांनी दिलेली शिक्षेतील सूट रद्द केली आणि जात, धर्म, राजकीय निष्ठा या आधारावर हा अधिकार वापरता येणार नाही असे बजावले. कागदावर आपली तरतूद अमेरिकेपेक्षा उजवी आहे. व्यवहारात दोषसिद्धीपर्यंत बडी असामी पोचतच नाही आणि किरकोळ चोरीतला गरीब आरोपी जामीनदार मिळत नाही म्हणून कच्चा कैदी राहतो. ज्याने फौजदारी न्यायालयाची पायरी चढली आहे त्याला हे सांगायला नको.

टेरहॉर्स्ट यांच्यावर एक आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. प्रवक्त्याने सरकारच्या प्रत्येक निर्णयाशी सहमत असलेच पाहिजे का? नसल्यास रोज एक राजीनामा पडेल. याचे उत्तर असे, की मतभेद आणि विवेकभेद यांत फरक आहे. रस्त्याच्या निधीवरून, कराच्या दरावरून मतभेद असताना माणूस सरकारची बाजू मांडू शकतो. परंतु कायदा सर्वांना सारखा नाही, ही गोष्ट रोज व्यासपीठावर उभे राहून पटवून द्यायची असेल, तर ती प्रवक्त्याच्या स्वतःच्या जिभेवरून जाते. टेरहॉर्स्ट यांना ती जाऊ द्यायची नव्हती. मला फसवले म्हणून मी गेलो असे म्हणणे त्यांना सोपे होते, लोकांनी सहानुभूतीही दाखवली असती. त्यांनी ते कारण पत्रात घातले नाही, यात आम्हाला त्यांचा मोठेपणा दिसतो.

त्यांच्यानंतरचे प्रवक्ते या कसोटीवर लावून पाहावेत. कार्टर यांचे जोडी पॉवेल यांनी एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलिसांच्या सुटकेच्या मोहिमेआधी एका पत्रकाराला धडधडीत खोटे सांगितले. पुढे त्यांनी ते उघडपणे मान्य केले आणि समर्थनही केले. सैनिकांचे प्राण पणाला लागले होते. ते खोटे आम्ही एकवेळ समजू शकतो. परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते बर्नार्ड काल्ब यांनी १९८६ साली, रेगन सरकार लिबियाबाबत खोट्या बातम्या पेरत असल्याचे बाहेर आल्यावर, पद सोडले. हे टेरहॉर्स्ट यांचेच घराणे. पण बुश यांचे स्कॉट मॅक्लेलन? २००३ साली गुप्तहेर खात्यातील एका महिलेचे नाव फोडल्याच्या प्रकरणात कार्ल रोव्ह आणि लुईस लिबी यांचा हात नाही, असे त्यांनी व्यासपीठावरून सांगितले. त्यांनाही आतून तसेच सांगण्यात आले होते. ते खोटे होते. २००५ मध्ये लिबींवर आरोप ठेवले गेले, तरी मॅक्लेलन २००६ पर्यंत खुर्चीवर राहिले आणि आपण नकळत खोटे पुढे केले, हे त्यांनी २००८ साली पुस्तक लिहून सांगितले. लिबी दोषी ठरले, बुश यांनी त्यांचा तुरुंगवास माफ केला आणि २०१८ साली ट्रम्प यांनी पूर्ण माफीच देऊन टाकली. पुन्हा तोच वर्ग आणि तीच दया. फसवला गेलेला प्रवक्ता एकाच रात्रीत पत्र लिहितो की पाच वर्षांनी पुस्तक, यावर आम्ही त्याची किंमत करतो. पुस्तकाला मानधन मिळते.

टेरहॉर्स्ट यांना देवत्व द्यायचे कारण नाही. राजीनाम्यानंतर ते डेट्रॉईट न्यूजमध्ये परतले, स्तंभ लिहिले. १९८१ साली ते फोर्ड मोटर कंपनीच्या वॉशिंग्टनमधील जनसंपर्क कार्यालयात गेले आणि तिथे दहा वर्षे राहिले. म्हणजे एका फोर्डचे प्रवक्तेपण सोडले आणि दुसऱ्या फोर्डचे पत्करले, असा विनोद त्यांच्यावर झालाही असेल. मोटार कंपनीची बाजू मांडताना त्यांना कोणती पत्रे लिहावीशी वाटली असतील, ते तेच जाणोत. माणसाने एकदा ताठ उभे राहिल्याने जन्मभराचे पोट भरत नाही, हे चळवळीतल्या आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

राजीनाम्यानंतर अमेरिकेतल्या लेखक-पत्रकारांच्या एका संघटनेने त्यांना माध्यमांतील विवेकासाठीचा पुरस्कार दिला. त्या पुरस्काराचे ते पहिले मानकरी. म्हणजे एकाच माफीसाठी एका जेराल्डला दिल्याबद्दल धैर्याचा आणि दुसऱ्याला विरोध केल्याबद्दल विवेकाचा पुरस्कार मिळाला. टेरहॉर्स्ट २०१० साली ८७ व्या वर्षी वारले. ते पत्र मिशिगनमधल्या अॅन आर्बर येथील फोर्ड यांच्याच ग्रंथालयात जपून ठेवलेले आहे आणि त्यातल्या प्रश्नाला फोर्ड यांच्याकडून लेखी उत्तर मागणारी कोणतीही तरतूद तिथल्या कायद्यात नव्हती.